आळीचा नंबर

गोखिवऱ्याच्या भोईर आळीत घरं एकतीस आणि मोबाईल नंबर एक. कुणाला सांगितलं तर पटत नाही. गॅसच्या ऑफिसातल्या बाईला पटलं नव्हतं, रेशनचं मशीन घेऊन बसणाऱ्याला पटलं नव्हतं, आणि दवाखान्याची कार्डं काढायला आलेल्या मुलीने तर अर्जामागून अर्जावर तोच नंबर पाहून कपाळावर हात मारला होता. "अहो, एका नंबरवर एवढी माणसं कशी? हा नंबर आहे तरी कुणाचा?" तिने विचारलं. रांगेतल्या सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. तिथे सत्यवती उभी होती, नाकावर चष्मा आणि हातात फोन, कोड वाचून दाखवायला तयार.

तिच्या नंबरचे शेवटचे चार आकडे ४४१७. आळीतलं पोर पाढ्यांत अडखळेल, पण या चार आकड्यांत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजूबाजूला एवढे टॉवर उभे राहिले, गाळे झाले, आणि या लोकांकडे फोन नाहीत? आहेत की! घरटी तीन-तीन आहेत. पण ते कुणाचे आहेत ते जरा विचारून बघा. सासऱ्याच्या फोनचं रिचार्ज मुलगा मारतो, म्हणजे फोन मुलाचा. सुनेचं सिम नवऱ्याच्या नावावर, म्हणजे फोन नवऱ्याचा. आजीचा फोन नातवाच्या खेळाला. कुठेही टुंग वाजलं की घरातली चार डोकी त्यावर वाकतात आणि 'कोनाचा मेसेज?' ही चौकशी जेवणाच्या ताटापर्यंत येते. शिवाय स्वस्त योजना दिसली की सिम बदललं, एक नंबर वर्षभर टिकेल तर शपथ. सत्यवतीचा नंबर मात्र अठरा वर्षांत हलला नव्हता. त्यामुळे अर्जात मोबाईलचा रकाना आला की आळीतलं माणूस डोळे मिटून सांगे, "सत्यवतीचा टाक."

या सवयीचं मूळ जुनं आहे. सत्यवती लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी फोन घेतला, आळीतला पहिला आणि पुढे बरीच वर्षं एकुलता एक. मग सगळी आळी आपापल्या कागदांवर तोच नंबर लिहू लागली आणि पुढे कंसात दोन अक्षरं, पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, माणसाचं नाव सांगून बोलावून घ्यावं. बोलावून आणायचं काम सुनेचं. भाकरी तव्यावर सोडून सत्यवती अनवाणी धावायची, कुणाच्या बाळंतपणाची बातमी, कुणाच्या नोकरीचं बोलावणं, कुणाचं माणूस इस्पितळात गेल्याचं.

फोन आला त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला बजावलं होतं. "फोन ज्याचा आलाय त्याच्या हातात द्यायचा आनि ओटीवर येऊन उभं राह्यचं. चुकून कानावर पडलंच, तर गिळायचं." तिने गिळलं. आळीत दोघी-तिघी अशा होत्या की त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांनी सत्यवतीला गूळ लावून पाहिला, चिडवून पाहिलं, भांडून पाहिलं. सत्यवतीने ताकास तूर लागू दिली नाही. पुढे सासरे गेले, तारेचा फोन गेला, हातात मोबाईल आला, आठ वर्षांपूर्वी नवराही गेला. लोकांना बोलावण्याऐवजी सहा आकडी कोड येऊ लागले. सत्यवतीच्या लेखी फरक एवढाच पडला की आता धावावं लागत नव्हतं, लोकच तिच्या ओटीवर येत होते.

तिची रीत ठरलेली होती. ज्याचा कोड, त्यालाच सांगायचा, तोही समोर उभा असेल तरच. बायकोचा कोड नवऱ्याला नाही, बापाचा लेकाला नाही. सांगून झालं की त्याच्या देखत मेसेज पुसून टाकायचा. कशाचा कोड हे विचारायचं नाही. मेसेजमध्ये नाव नसतं, नाव असतं ते समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर, आणि सत्यवतीला चेहरे वाचायला चष्मा लागत नव्हता. कोण लग्नाच्या साइटवर गेलं, कोण कर्जाच्या मागे लागलं, कुणी रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट एकट्याने उघडला आणि ओटीच्या पायरीवर बसून राहिलं, हे सगळं तिला ठाऊक होतं. ठाऊक आहे याचा तिला अभिमानही होता, खोटं कशाला बोला. बाजारातून आळीत शिरताना तिची मान ताठ असायची.

तिचा मुलगा प्रितेश अंधेरीला एका कॉल सेंटरला होता. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य तो दिवसातून शंभर वेळा अनोळखी लोकांना ऐकवायचा, आणि घरी यायचा तर आई ओटीवर बसून मोठ्याने आकडे वाचतेय.

"आई, सिरियसली, हे बंद कर. पी.पी.चा जमाना गेला. आता नंबर म्हणजे माणूस. कम्प्युटरला वाटतं ही सगळी कामं तूच करतेस. उद्या कुणी काही लफडं केलं तर पोलीस कोणाच्या दारात येणार?"

"माझ्या दारात सगळेच येतात. पोलीस आला तर त्यालापन च्या देईन."

"आई, मस्करी नाही."

"मी कुठं मस्करी करते? मंग काय सांगू रे लोकांना? जा घरी, आनि सगळ्या घरादारासमोर आपलं उघडं करा?"

प्रितेश बॅग उचलून आत जायचा. आईचं म्हणणं चूक आहे हे त्याला कळत होतं, पण नेमकं कुठे चूक आहे ते सांगता येत नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी रोशनी आली. रोशनी म्हणजे रामनाथ भोईरांची सून, दीपेशची बायको. कडेवर तीन वर्षांची मुलगी, मुलीच्या हातापायांवर लाल चट्टे.

"काकी, एक कोड येईल," ती म्हणाली. आवाज इतका खाली की सत्यवतीने टीव्ही बंद केला.

कोड आला. सत्यवतीने आकडे सांगितले, रोशनीने आपल्या फोनवर भरले. मेसेज पुसला गेला. रोशनी निघाली नाही. उंबऱ्यात उभं राहून तिने आपण होऊन सांगून टाकलं. आळीच्या मागे जो प्लेटिंगचा, धातूला मुलामा चढवायचा, गाळा आहे, त्याचं पाणी नाल्यातून विहिरीत उतरतंय. विहिरीचं पाणी पिवळं झालंय. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मुलीला त्याच पाण्याने आंघोळ घालावी लागते. म्हणून तिने आत्ता त्या कोडाने सरकारी तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली होती, फोटोंसकट. नाव कुणाला कळणार नाही असं तिथे लिहिलेलं होतं.

सत्यवतीने आधी बाहेर आळीकडे नजर टाकली. गाळा होता रामनाथांच्या जागेत. भाडं त्यांच्याच घरात येत होतं. विहिरीला वास मारतो हे सगळी आळी जाणून होती आणि रामनाथ आळीतले वडीलधारे, म्हणून सगळी आळी नाक दाबून बसली होती. आणि तक्रार केली ती त्यांच्या घरातल्या सुनेने.

"कळलं ना काकी, तर मना माहेरला धाडतील. पोरीला ठेवून घेतील," रोशनी म्हणाली. "मागं भांडन झालं तेव्हा तसंच बोलले होते."

"तू हितं आलीच नव्हतीस," सत्यवती म्हणाली. "जा, पोरीला उन्हात उभी करू नको."

तीन आठवड्यांनी कचेरीचा माणूस येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेला आणि गाळेवाल्याला नोटीस आली. नोटिशीला तक्रारीची प्रत जोडलेली होती. कुणा हुशार कारकुनाने तक्रारदाराचं नाव काळ्या शाईने नीट झाकलं होतं, गावाचं नाव झाकलं होतं. मोबाईल नंबरही झाकला होता, फक्त शेवटचे चार आकडे तेवढे ठेवले होते. एवढ्यावरून कोण काय ओळखणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असेल. मुंबईतल्या कुठल्या सोसायटीत ते खरंही ठरलं असतं. गाळेवाल्याने तो कागद रामनाथांच्या हातात ठेवला, रामनाथांनी चष्मा लावला आणि तळाशी वाचलं, ४४१७.

ते तडक सत्यवतीच्या ओटीवर आले. पासष्टीतला उंच माणूस, पांढरं धोतर, आवाज असा की हाक मारली तर विहिरीपलीकडे जावी. नात्याने ते सत्यवतीचे थोरले चुलत दीर. ती पदर सारखा करून उभी राहिली.

"सत्यवती, ह्या नंबरवरून तक्रार झाली. तू केलीस?"

"नाय, भावजी."

"ते मना ठावं हाय. तू करायची झालीस तर माझ्या तोंडावर बोलशील. मंग कोन? आळीतला खाल्ल्या घरचे वासे मोजनारा कोन हाय, त्याचं नाव सांग."

"कोडाचं मी कोनाला सांगत नाय. तुमाला ठावं हाय ते."

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलली नव्हती. रामनाथांना ते खरंच ठाऊक होतं, आळीतल्या कुणाहूनही जास्त. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यानंतर महिनाभराने हा डोंगराएवढा माणूस सत्यवतीच्या ओटीवर येऊन मान खाली घालून बसला होता. झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, विहिरीच्या काठाशी गेलं की भलतेच विचार येत होते. कुणीतरी फोनवर बोलणाऱ्या मनाच्या डॉक्टरचा पत्ता दिला होता. पण नाव नोंदवायला नंबर हवा, प्रत्येक वेळी कोड हवा, आणि रामनाथांचा फोन दीपेश रोज उलटापालटा करत असे. रामनाथ भोईर वेडाच्या डॉक्टरकडे जातात हे आळीला कळलं असतं तर त्यांनी परत चारचौघांत तोंड दाखवलं नसतं. सत्यवतीने काही विचारलं नाही. अकरा गुरुवार ते दुपारी आले, तिने कोड सांगितला, मागची खोली उघडून दिली, दार ओढून घेतलं आणि सुपात तांदूळ घेऊन ओटीवर निवडत बसली. कुणी आलं तर सांगायची, प्रितेशची रात्रपाळी होती, झोपलाय. अकराव्या गुरुवारी ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चहा मागून घेतला होता.

तेच रामनाथ आता लालबुंद होऊन उभे होते. "मान ठेवून विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "आता रविवारी गावदेवीसमोर विचारीन. सगळ्या आळीसमोर."

रविवारपर्यंतचे चार दिवस सत्यवतीला जड गेले. प्रितेशने आपल्या परीने तोडगा काढला. "सरळ सांग ना, मला आठवत नाही. रोज दहा कोड येतात, कोण लक्षात ठेवतं? कोणी प्रूव्ह करू शकत नाही."

"देवीसमोर खोटं बोलू?"

"मग नाव सांगून मोकळी हो. तुझं काय जातंय?"

सत्यवतीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

रोशनी मागच्या दाराने आली, डोळे सुजलेले. "मीच सांगते, काकी. माझ्यामुळं तुमची इज्जत जायला नको."

"तुना सांगायचं असेल तर सांग. तुझं हाय ते, मी अडवनारी कोन? पर माझ्यासाठी सांगू नको. माझी इज्जत एवढी सोपी नाय जायची." बोलताना तिचा आवाज कणखर होता. रोशनी गेल्यावर मात्र ती चुलीपुढे बराच वेळ बसून राहिली. आळीने एकदा पाठ फिरवली तर तिच्या ओटीवर येणार कोण? नवरा नाही, मुलगा सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. लोकांचा विश्वास हीच तिची कमाई होती, आणि ती रविवारी पणाला लागणार होती.

एक रस्ता होता, नाही असं नाही. रामनाथ फारच अंगावर आले तर फक्त म्हणायचं, 'भावजी, गुरुवार आठवतात का?' तेवढ्याने त्यांची वाचा बसली असती. भाकरी थापताना हे वाक्य तिच्या मनात दोनदा येऊन गेलं, आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचीच शरम वाटली.

रविवारी चारच्या सुमाराला गावदेवीच्या मंडपात आळी जमली. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या बाजूला. रोशनी सगळ्यांच्या मागे, मुलगी मांडीवर. देवीपुढे पाटावर नारळ ठेवलेला.

रामनाथांनी नोटीस वाचून दाखवली. मग म्हणाले, "गाळा बंद झाला तर माझं नुकसान होईल, ते मी सोशीन. पर आपल्यातलाच मानूस मागून वार करतो आनि तोंड लपवतो, ते मी सोशीत नाय. सत्यवती, नारळावर हात ठेव. तक्रारीचा कोड कोनी नेला?"

सत्यवती उठली. गुडघे दुखत होते, तरी ती सरळ चालत गेली आणि नारळावर उजवा हात ठेवला.

"देवीसमोर खोटं बोलनार नाय," ती म्हणाली. "कोड माझ्याच फोनवर आला. कोनी नेला ते मना ठावं हाय. आनि मी सांगनार नाय."

मंडपात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, बाई माजली. कुणी म्हणालं, सांगत नाही ते बरोबर आहे. प्रितेश मागे उभा होता. आई 'आठवत नाही' म्हणेल अशी त्याला शेवटपर्यंत आशा होती. आता कॉल सेंटरमध्ये दिवसभर घोकलेलं 'कोणालाही सांगू नका' हे वाक्य त्याला जन्मात पहिल्यांदा समजल्यासारखं वाटलं.

"बरं," रामनाथांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मंग आजपासून आळीतला एकपन कोड हिच्या फोनवर जायचा नाय. ज्यानं त्यानं आपला नंबर काढून घ्या."

"न्या ना," सत्यवती म्हणाली. "मना काय त्याचं भाडं मिळतं? माझा पोरगा तर नवस फेडेल. पर आजवर जे आलंय ते परत देता येनार नाय. ते माझ्याकडंच राहनार, जाईन तेव्हा बरोबर घेऊन जाईन."

शत्रुघ्नआजोबा ऐंशीचे, त्यांना ऐकायला कमी आणि बोलायला भीड नाही. त्यांनी काठी आपटली. "रामनाथ, हिचा नंबर काढला तर मंग कोनाचा टाकायचा? तुझा टाकू?"

ते खरोखर विचारत होते. पण खांबामागून एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. रामनाथांचा नंबर टाकायचा म्हणजे काय, हे सगळ्यांना एका क्षणात कळलं होतं. ज्या माणसाने एका कोडासाठी आळी गोळा केली, त्याच्या फोनवर आपली गुपितं कोण पाठवणार? हसणं दाबलं गेलं, पण रामनाथांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांचा तोल सुटला.

"लय मोठी झालीस तू!" ते गरजले. "सगळ्यांचं पोटात ठेवलंय म्हनून मिरवते! असं काय ठेवलंयस? बोल! माझं काय हाय तुझ्याकडं? सांग सगळ्यांसमोर!"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय विचारून बसलो. त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग सरसर उतरला. मंडपात कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळ्यांचे डोळे सत्यवतीकडे. तिला निमित्त शोधायलाही जायचं नव्हतं. खुद्द त्यांनीच विचारलं होतं, सगळ्यांदेखत, देवीसमोर. एक शब्द बोलली असती तर बैठक तिथेच संपली असती, रोशनी सुटली असती, आणि कुणी सत्यवतीला दोष दिला नसता.

सत्यवतीने रामनाथांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती तिने आधीही पाहिली होती, पहिल्या गुरुवारी, ओटीवर. तिला त्यांचा राग येईना.

तिने नारळावरचा हात उचलला. सावकाश. पदराला पुसला, आणि दोन्ही हात मागे बांधले.

"तुमचं काय असनार, भावजी?" ती म्हणाली. "गॅसच्या बाटल्याचा नंबर. दोन महिन्यातून एकदा येतो. तोपन तुमी घ्यायला उशिरा येता."

सगळा मंडप हसला. शत्रुघ्नआजोबांना ऐकू आलं नाही, त्यांना शेजाऱ्याने कानात सांगितलं, मग तेही उशिराने हसले. रामनाथ हसले नाहीत. ते नारळाकडे बघत होते. तिने हात आधी उचलला आणि मग उत्तर दिलं, हे त्या भरल्या मंडपात त्यांच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. आत्तापर्यंत जी बाई स्वतःला वाचवायला खोटं बोलली नाही, ती त्यांच्यासाठी बोलली होती, आणि देवीला त्यात ओढलं नव्हतं.

त्यांनी नोटिशीची घडी घातली. मग खाकरून म्हणाले, "नारळ फोडा. परसाद वाटा." आणि चपला घालून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती ओटी सारवत होती. प्रितेशची सुट्टी होती, तो चहा पीत बसला होता. रामनाथ पायरीशी येऊन थांबले. हातात ती नोटीस, चार घड्या घातलेली.

"भावजी, बसा," सत्यवती म्हणाली. "जमीन ओली हाय, पाटावर बसा."

ते बसले. प्रितेशकडे वळून म्हणाले, "ते तक्रारीचं जे काय असतं, ते तुझ्या कम्प्युटरवर उघडतं का?"

प्रितेशने आईकडे पाहिलं, मग लॅपटॉप आणला. रामनाथ सांगत गेले, तो टाइप करत गेला. गाळा क्रमांक. नाला कुठून कुठे जातो. पाणी पिवळं कधीपासून आहे, आणि ते त्यांना कधीपासून माहीत आहे. या वाक्याशी ते अडले, पण पुसू दिलं नाही. गाळेवाल्याला काल रात्रीच सांगितलं होतं, पाण्याची व्यवस्था कर, नाहीतर जागा खाली कर. नातीच्या अंगावरच्या चट्ट्यांचंही त्यांनी लिहायला लावलं.

"काका, इथे विचारतात, नाव गुप्त ठेवायचंय का?" प्रितेश म्हणाला.

"नाय. नाव टाक, रामनाथ हरी भोईर. मोठ्या अक्षरात टाक."

"आणि मोबाईल नंबर? तुमचा स्वतःचा आहे ना, खिशात?"

"हाय. आनि तो दीपेश बघतो, बघू दे." त्यांनी खिशातून फोन काढून पाटावर ठेवला आणि नंबर सांगितला, एकेक आकडा मोठ्याने. फोन वाजला. कोड त्यांचा त्यांनीच वाचला, चष्मा नाकावर ढकलत, शाळेत पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या पोरासारखा. तक्रार दाखल झाली.

सत्यवतीच्या हातातला सारवणाचा बोळा तसाच राहिला होता. आळीत इतकी वर्षं ताठ मानेने चालली ती, पण तो अभिमान तिचा स्वतःचा होता. आज तिला आपल्या या थोरल्या दिराचा अभिमान वाटला, इतका की डोळे भरून आले आणि सारवलेल्या हाताने ते पुसताही येईनात.

रामनाथ गुडघ्यांवर हात टेकून उठले. पायरी उतरताना थांबले, आणि मागे न वळता म्हणाले, "आता आळीला सांग, तक्रार रामनाथानं केली. पयली कोनी केली ते कोनी विचारायला येनार नाय. मीपन नाय."

आणि ते विहिरीकडे गेले. तिथे रोशनी बादली घेऊन उभी होती.